तात्यांची अंडी

एसीकाका घरी आले की आधी चहा नाही, पाणी नाही. मान वर करून छताखाली उभे राहायचे. डोळे मिटून एसीचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "याला सर्दी झालीय." फिल्टर काढून पाहावा तर धुळीचा हा थर. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका एसी वर्कशॉपचे ते मॅनेजर होते, पण हात आणि कान मेकॅनिकचेच राहिले. आखातातल्या या शहरात, अल रीम आयलंडवर, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते राहत. काकू नाशिकला सासूबाईंपाशी. इथे सोबतीला तात्या.

तात्या हा साप. केशरी, बिनविषारी, चांगला चार फूट लांब. देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाने पेटीसकट काकांना दिलेला. काका त्याला अहोजाहो करत. "तात्यांचं जेवण झालंय, आता दोन दिवस त्यांना त्रास द्यायचा नाही." सुट्टीच्या दुपारी मी तिथे जाऊन बसे. खिडकीत समुद्राचा पांढुरका उजेड, एसीची गुणगुण, आणि काकांच्या मनगटावरून तात्या इतके सावकाश सरकत की माझ्या परीक्षा, असाइनमेंट सगळं कुठल्या तरी दुसऱ्या मुलीचं आहे असं वाटे. आईकडे काकांच्या घराची किल्ली होती. ते कामावर गेले की ती त्यांच्या तुळशीला पाणी घालायला जाई, पण पेटीकडे पाठ करूनच.

जूनमधल्या एका रविवारी पेटीतल्या ओल्या शेवाळ्याखाली नऊ लांबट पांढरी अंडी दिसली.

"काका, तात्या इज अ गर्ल," मी म्हटलं.

काका पेटीवर वाकले. "तीन वर्षं झाली. एका शब्दाने बोलल्या नाहीत." मग बोटांवर आठवडे मोजायला लागले. ते रिटायर होऊन जुलैअखेर कायमचे नाशिकला जाणार होते आणि अंडी फुटायला दोन महिने लागतात. त्यात, तात्या इथे एकट्याच. अंड्यांत जीव असेल तरी का? आधीच्या घरी पेटीत दोन साप होते, हे फोन केल्यावर कळलं. आणि सापाची मादी नराचं बीज काही वर्षंही पोटात जपून ठेवू शकते म्हणे. तेवढ्यावर काका कामाला लागले.

मासळीचा थर्मोकोलचा डबा, एक जुना थर्मोस्टॅट, छोटासा हीटर. स्टोअररूममधलं एसीचं तोंड त्यांनी टेप लावून बंद केलं. "आयुष्यभर लोकांच्या खोल्या गार केल्या," ते म्हणाले, "ऊब धरून ठेवायचं काम पहिल्यांदाच आलंय." प्रत्येक अंड्यावर त्यांनी पेन्सिलीने ठिपका काढला. सापाचं अंडं फिरवायचं नसतं, आतला जीव गुदमरतो. ठिपका कायम वर राहिला पाहिजे. हे त्यांनी मला सांगितलं. आईला सांगायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

साप अंडी घालून निघून जातो, हे मात्र आईने ऐकलं होतं. तिच्या माहेरी सावंतवाडीला कोंबड्या होत्या, आणि कोंबडी चोचीने अंडी फिरवत बसते, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. पाच अंडी एकमेकांना चिकटलेली होती, चार सुटी. काका डबा उघडायचे नाहीत, बाहेरूनच थर्मोस्टॅट पाहायचे. ती चार सुटी अंडी, काका कामावर असताना, आईने आठवडाभर रोज फिरवली आणि मग काकांना कौतुकाने सांगितलं, "आई नाही ना त्यांना, म्हणून."

काकांचा चेहरा उतरला. पण म्हणाले, "वहिनी, चूक माझी. तुम्हाला सांगायला हवं होतं." आई त्या दिवशी जेवली नाही. तुळशीला पाणी घालायची, पण स्टोअररूमकडे फिरकायची नाही.

जुलैत एकेक अंडं सुरकुतून खाली बसत गेलं. चिकटलेल्या पाचांना बुरशी आली. सुट्यांतलीही तीन गेली. उरलेल्या एकाला काकांनी दिवा घालवून टॉर्च लावला. अंडं आतून कंदिलासारखं उजळलं आणि त्यात बारीक लाल रेषा दिसल्या. काकांनी आईला हाक मारली. ती दारातच थबकली.

"या, वहिनी. ठिपका बघा कुठे आहे."

ठिपका कुशीवर होता. आईच्या हातचंच अंडं होतं ते.

काका जाण्याच्या आदल्या दिवशी आईनेच विषय काढला. "डबा आमच्याकडे ठेवा. आणि त्यांनाही." पेटीकडे मात्र तिने अजूनही पाहिलं नव्हतं. काकांनी निघताना आमचा एसी ऐकला, तात्यांच्या पाठीवरून एक बोट फिरवलं आणि लिफ्टमध्ये शिरताना, "इन्शाल्ला," एवढंच म्हणाले. मला फार रडू आलं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी अंड्याला चीर पडली आणि दुपारी त्यातून एक इवलंसं केशरी डोकं बाहेर आलं. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन हातातून घेतला आणि डब्यावर धरला. पाहिलं तर काकांनी डोळे मिटले होते, कान देऊन ऐकत होते.

"वहिनी, तुमचा एसी ऐकू येत नाही."

"चार दिवस बंद ठेवलाय. त्याला गार लागेल," आई म्हणाली. घामाने तिचा गाऊन पाठीला चिकटला होता.

काकांनी चष्मा काढून पुसला. "डब्यात त्याला ऊब आहे, वहिनी," ते म्हणाले. "आता लावा एसी. आलं ते बाहेर."