डिकीतला कूलंटचा डबा

गाडी तापून आली की मेस्त्री आधी बॉनेटवर हात टेकवून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणायचे, "थंड होवंदे. झाकणाक हात लावू नको." आणि खुशाल विडी पेटवायचे.

आंबोली घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज होतं. तिथे खोळंबलेली, चिडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मेस्त्री अर्धा तास कोणाला हलू देत नसत. एक पाहुणा धबधब्याचं गार पाणी बाटलीत भरून आणून तापल्या इंजिनात ओतायला निघाला, तर मेस्त्रींनी बाटली हिसकावून पाणी स्वतःच पिऊन टाकलं. "इंजिन फुटला तर धबधब्याखालीच बसतलंस?"

वेळ झाली की रेडिएटरच्या झाकणावर गोणपाट टाकायचे, तोंड बाजूला करून ते जरासं फिरवायचे आणि वाफ पूर्ण गेल्यावरच काढायचे. मग इंजिन गार ठेवणारं कूलंट ओतायचे, खुणेपर्यंतच, थेंबभर जास्त नाही.

माझ्यावर त्यांचा विशेष राग. मी मालवणचा, जुन्या गाडीवर भाडी मारणारा आणि रेडिएटरमध्ये घरच्या विहिरीचं मचूळ पाणी घालणारा. "विहिरीचा पाणी पेजेक घाल रे, इंजिनाक नको," म्हणत एकदा त्यांनी कूलंटचा डबा माझ्या डिकीत कोंबला. सवडीने घालू म्हणून तो तिथेच राहिला. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

श्रावणातल्या एका दुपारी काकींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, छातीत दुखू लागलं. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. दवाखान्यासमोर माझीच गाडी उभी होती. काकींना आणि मेस्त्रींना मागे बसवून मी निघालो.

अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लालवर गेला. मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि झाकणाला हात घातला. मेस्त्रींनी मागून माझं मनगट धरलं.

"थंड होवंदे."

"मेस्त्री, काकी..."

"थंड होवंदे म्हटलंय ना."

आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी विडी पेटवली नाही.

पावसात दोन गाड्या वर गेल्या. हात दाखवूनही थांबल्या नाहीत. मोबाईलला रेंज नव्हती. मेस्त्री मागे काकींचं डोकं मांडीवर घेऊन बसले. काकींनी एकदाच विचारलं, "अजून किती येळ?"

"झाला गो, झाला."

अर्ध्या तासाने त्यांनीच झाकण काढलं. आत तळाशी गंजाचं लाल पाणी. त्यांनी डिकी उघडली. डब्याचं सील तसंच होतं. ते तोडून त्यांनी कूलंट ओतलं आणि मागे जाऊन बसले.

वाटेतच, आजऱ्याच्या अलीकडे, काकी गेल्या.

गॅरेज बंद झालं. मेस्त्री शिरोड्याला लेकीकडे राहायला गेले. वर्षभर मी तोंड चुकवलं, मग एकदाचा धीर करून गेलो.

"मेस्त्री, चूक माझी. तुमी दिलेलो डबो तसोच पडान होतो."

"माका थंयच समाजला."

"मगे बोललात कित्याक नाय?"

"घाट अजून अर्दो रवलेलो. गाडी तुका चलवूची होती."

आता तेही नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या, निदान एक तरी.