एका हाकेला ओ

गणपतीला गावी जाणाऱ्या बसचा ऑनलाइन फॉर्म मी आमच्या गावकरी मंडळाला बनवून दिला, तेव्हा फार शेखी मिरवली होती. पवईच्या ऑफिसात दिवसभर हेच तर करतो. अर्ध्या तासात बस भरली. यादी उघडली तर वाट लागलेली. जवळजवळ प्रत्येक घर दोनदा, आमचंही.

नाहूरच्या घरी जेवताना मी बाबांवर उखडलो. "सबमिट दोनदा कशाला दाबलंत?"

बाबांनी भात कालवत सांगितलं, "एकदाच हाक मारता ता भूत. माणूस दोनदा मारता. आणि तुझा बटण पयल्या हाकेक ओ खंय देता?"

खरंच होतं. गावी तिन्हीसांजेनंतर पहिल्या हाकेला अजूनही कोणी ओ देत नाही, दुसरीची वाट बघतात. आणि माझा फॉर्म नाव पोचेपर्यंत चार सेकंद मख्ख बसायचा. मी ताट तसंच सोडून लॅपटॉप उघडला. अंगात वारं संचारलं होतं. फॉर्म एकदा निघाला की बटण बंद, मग कितीही दाबा नाहीतर एंटर मारा, दुसरा अर्ज जाणार नाही. एवढं तर ऑफिसात कोणीही केलं असतं. पण बंद बटण म्हणजे पुन्हा मुकंच. म्हणून दाबताक्षणी त्यावर अक्षरं आणली: "ओ, ऐकलं. नाव लिहून घेतोय."

फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं. सवयीने बोट पुन्हा खाली निघालं आणि काचेच्या वरच थांबलं.

"आत माणूस आसा," ते म्हणाले.