बापाच्या रकान्यात माझं नाव

दोन हजार पंचवीस साल. माझं वय एकाहत्तर. त्या वर्षी माझ्या नातीचा नंबर यवतमाळच्या कॉलेजात लागला, फार्मसीला. आमच्या गावातून त्या शिक्षणाला आजवर कोणाची पोरगी गेली नव्हती. मी स्वतः तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण दोन दिवस गावात असा ताठ फिरलो, की नंबर जसा माझाच लागला.

फी भरायची आमची ऐपत नव्हती, अन् भरायची गरजही नव्हती. ज्या घरचं उत्पन्न कमी, त्या पोरींना फी माफ, असा नियम निघालेला. फक्त बापाच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. कॉलेजात तो द्यायला चार दिवस उरले होते.

सून म्हणाली, "मामाजी, मी जातो तिच्यासंगं. वावरातलं निंदन एक दिवस राहीन तं राहीन."

"माह्या नातीचं काम हाये. मीच जाईन," मी म्हटलं.

मारेगावला सेतू केंद्रात ही रांग. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईनं एकेक कागद उलटा करून पाहिला, अन् मग माझ्याकडं पाहिलं.

"बाबाजी, ही पोरगी तुमची कोन?"

"नातीन."

"पन शाळेच्या दाखल्यावर तं तुमची पोरगी दिसून राह्यली. बापाच्या जागी तुमचंच नाव हाये."

"मंग? लहानाची मोठी मीच केली."

"ते खरं हो. पन राशन कार्डावर नातीन, जन्माच्या दाखल्यावर बाप दुसराच. आता मी उत्पन्न कोनाचं धरू?"

मागं रांगेत एक जण हिशेब करून बसला होता. म्हणाला, "पोरगी अठराची, बाबाजी सत्तरीचे. म्हनजे पन्नाशीत बी बाबाजी जोमात होते बरं!"

सगळी रांग हसली. माझ्या बुढीला जाऊन आठ वर्षं झाली. मी वळून म्हटलं, "तुह्या घरी होत असन असं." त्यावर ते आणखीच हसले. नात मान खाली घालून कागद पिशवीत भरत होती. भरलेले काढून पुन्हा भरत होती.

आता हे कसं झालं ते सांगतो. लपवून काय करू? ती पाच-सहा वर्षांची असताना माझा मुलगा बायकोला अन् पोरीला सोडून वणीला गेला. कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला, तिथंच दुसरं घर केलं. मी सुनेला म्हटलं, गेला तो गेला, घर तुझं आहे. त्याच वर्षी नातीला शाळेत घातलं. तेव्हा आमच्याकडं म्हातारा माणूस तोंडानं सांगे अन् गुरुजी लिहून घेत. गुरुजींनी विचारलं, बापाचं नाव? मी माझं सांगितलं.

गुरुजी ओळखीचे होते. म्हणाले, "असं नोका करू. पुढं पोरीले अडचन जाईन."

"ज्यानं पोरगी टाकली, त्याचं नाव तिच्या मागं कायले? लिहा म्हनलं तं लिहा!"

त्यांनी लिहिलं. कोर्टात केस जिंकल्यासारखा मी घरी आलो. पुढं दहावीच्या मार्कशीटवर तेच नाव आलं, बारावीच्या आलं. मी प्रत्येक वेळी तेवढंच वाचायचो. मार्क नंतर.

खिडकीतली बाई मनानं वाईट नव्हती. तिनं उपाय सांगितला. पोरीच्या खऱ्या बापानं आधार कार्ड घेऊन तहसीलीत यायचं, ही माझीच मुलगी, शाळेत आजोबाचं नाव लागलं, असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. मग त्याच्या उत्पन्नाचा दाखला निघेल.

"तो मेला समजा," मी म्हटलं.

"मंग मृत्यूचा दाखला आना."

रांगेला पुन्हा हसायला झालं.

तिथून तडक शाळेत गेलो. आताचे हेडमास्तर नवे. ते म्हणाले, पोरगी शाळा सोडून गेली, आता वहीत रेघ मारायचा अधिकार मला नाही, वर प्रस्ताव पाठवावा लागतो, त्यात महिने जातात. मी म्हटलं, "नाव मीच सांगतलं होतं, मीच बदलून राह्यलो. कुठं सही पायजे तं सांगा."

"बाबाजी, तुमी सांगतलं अन् आमच्या मानसानं ऐकलं, तिथंच तं चुकलं."

तिसरीतून सुटलो तरी अंगठा मी कधी लावला नाही. गावच्या सोसायटीत, ग्रामसभेत माझी सही चालायची. लोक म्हणायचे, बाबाजीची झाली ना, मग झालं. त्या दिवशी मी खिशात पेन घेऊन दोन ठिकाणी फिरलो, अन् कोणालाच माझी सही नको होती.

संध्याकाळी घरी आल्यावर सुनेला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती, उठली नाही. "मी त्याच्या दारात जानार नाई मामाजी," एवढंच म्हणाली. तिला जा म्हणायचं तोंड मला नव्हतंच.

नात म्हणाली, "फोन करून पाहू का?"

तिच्याजवळ त्याचा नंबर होता. कधीपासून होता, ते मी विचारलं नाही. तिनं अंगणात जाऊन फोन लावला. दोन मिनिटांत परत आली.

"काय म्हनला?"

"म्हने, कागदावर तुहा बाप कोन हाये? त्यालेच म्हन सही कराले."

मी त्याला दोन शिव्या दिल्या. तिसरी तोंडात होती, तेवढ्यात नात म्हणाली, "आबाजी, तुमी त्याच्यावरचा राग माह्या नावात लिवला. मले विचारलं होतं का?"

"पाच वर्षांच्या पोरीले काय विचारा लागते?"

"मंग दहावीच्या वक्ती विचाराचं. तवा तं पंधराची होती." ती रडली नाही. रडली असती तर मला समजूत घालता आली असती. "राहू द्या. मी मारेगावात बी.ए. करीन."

सुनेनं ताट वाढलं. मी जेवलो नाही, अन् जेवा म्हणून कोणी दुसऱ्यांदा म्हटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, नातीकडून त्याचा पत्ता कागदावर लिहून घेतला अन् पहिल्या गाडीनं वणीला गेलो. चार जणांना कागद दाखवला, तेव्हा घर सापडलं. कडी वाजवली. एका बाईनं दार उघडलं. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं, मीही तिला नाही.

"कोन पायजे?"

मी मुलाचं नाव सांगितलं.

"गाडीवर गेले. दुपारी येतीन. तुमी कोन?"

"त्याचा बाप," मी म्हटलं.

ती दारातून बाजूला झाली. मी चपला काढल्या अन् आत जाऊन बसलो.