मालकांची तिकडची जागा

मालक परदेशातून कायमचे परत आले तेव्हा इमारतीतले लोक त्यांना ‘बसवाले’ म्हणत. त्यात अपमान नव्हता आणि फारसा मानही नव्हता. माणसाने उभी हयात परक्या शहरात बस चालवली, गुडघे कुरकुरायला लागले तशी नोकरी सोडली, बायकोला घेऊन मायदेशी आला आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. खरं तर लोकांचा थोडा हिरमोडच झाला होता. परदेशातून बिऱ्हाड येणार म्हणून दोन-चार जण गॅलरीत उभे राहिले होते, तर टेम्पोतून उतरलं काय, चार बॅगा, एक शिलाई मशीन आणि ड्रायव्हरच्या सीटवर टाकायची लाकडी मण्यांची बैठक.

बसवाल्यांचं तिकडे मागे राहिलं होतं तेही असंच बेताचं. महिन्याचं पेन्शन, बँकेतलं एक खातं आणि गाडी लावायची एक जागा. ही जागा डेपोच्या शेजारच्या इमारतीच्या तळघरात होती. कधीकाळी लहर आली म्हणून त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि ती लावायला स्वस्तात मिळालेली ही जागाही विकत घेतली. पण दिवसभर शहर फिरवून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायला तयार होईना. गाडी विकली गेली, जागा राहिली. त्याच इमारतीत पियानो शिकवणाऱ्या एक वयस्कर बाई राहत, त्यांनी ती भाड्याने घेतली. भाडं दर महिन्याला न चुकता येई, आणि बसवाल्यांची बायको त्याला ‘खड्ड्यातलं उत्पन्न’ म्हणे.

परतल्यावर पहिली काही वर्षं सुखात गेली. पुढे सल्ले सुरू झाले. सल्ला देण्यात त्यांच्या मेहुण्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मेहुणा बँकेतून निवृत्त झाला होता आणि जगातले सगळे व्यवहार आपल्याच खिडकीवरून गेल्यासारखा बोलत असे.

“भाऊजी, तिकडचं तिकडेच राहू द्या,” तो म्हणाला. “तिकडची गोष्ट इकडे सांगायचीच कशाला? कोण बघायला जातंय?”

“अरे, पण कायदा काहीतरी असेल ना?”

“कायदा असतो हो. आपण तोंड उघडलं तर असतो.”

बसवाल्यांना हे पटलं नाही. आयुष्यभर लाल दिवा लागला की थांबायची सवय. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ते थांबत. त्यांनी बाजारपेठेतल्या एका कर सल्लागार मुलीचा पत्ता काढला. झेरॉक्सच्या दुकानावर तिचं छोटं ऑफिस होतं. मुलगी वयाने तिशीची, टेबलावर फायलींचा डोंगर आणि त्या डोंगराआडून येणारा शांत आवाज.

“काका, सोपं आहे,” ती म्हणाली. “परत आलेल्या माणसाला सरकार सुरुवातीला पाहुणा समजतं. पाहुण्याच्या पिशवीत काय आहे ते कोणी विचारत नाही. आता तुम्ही घरचे झालात. घरच्या माणसाला सगळं सांगावं लागतं. तिकडचं पेन्शन, तिकडचं खातं, तिकडची जागा, सगळं.”

“माझा मेहुणा म्हणतो, न सांगितलं तर कळणार नाही.”

“मेहुण्यांचा काळ गेला, काका. हल्ली देश शेजारणींसारखे झालेत. कोणाच्या घरी काय आहे ते एकमेकींना सांगून मोकळ्या होतात. तिकडे कर कापला असेल त्याचा दाखला आणा, म्हणजे इकडे त्याची वजावट मिळेल. तुम्हाला फार काही भरावं लागणार नाही.”

फार काही भरावं लागलं नाही हे खरं. मात्र विवरणपत्रात ‘परदेशातील स्थावर मालमत्ता’ असा एक रकाना होता आणि त्यापुढे ‘आहे’ असं लिहावं लागलं. त्या एका शब्दाने पुढचा सगळा घोळ झाला.

कागदांचा संच आणायला मेहुणा हौसेने सोबत आला होता. परतताना लिफ्टची वाट बघत त्याने तो चाळला आणि शेजारी उभ्या असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “बघा, स्थावर आहे परदेशात, आणि आमचे भाऊजी कोणाला ताकास तूर लागू देत नाहीत.”

आठवड्याभरात बसवाल्यांचे ‘मालक’ झाले. ज्या पाण्याच्या तक्रारीसाठी ते वर्षभर सेक्रेटरींच्या दारात खेटे घालत होते, ती एका दुपारी आपोआप मिटली. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी आपल्या पुतण्याला तिकडे पाठवायचं म्हणून सल्ला मागितला. वॉचमन उठून उभा राहू लागला. मालकांनी सुरुवातीला खरं सांगायचा मनापासून प्रयत्न केला.

“अहो, गाडी लावायची जागा आहे ती. तळघरात. पांढऱ्या पट्ट्या मारलेली.”

सेक्रेटरी समजूतदारपणे हसले. “बरोबर आहे, मालक. असंच सांगावं माणसाने. दिवस वाईट आहेत.”

“मी खरंच सांगतोय.”

“मी तरी कुठे नाही म्हणतोय?”

घरी येऊन मालकांनी बायकोला हे सांगितलं. ती मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती. “अहो, होऊ द्या की मोठं चार दिवस,” ती दोरा तोडत म्हणाली. “पाणी तर येतंय.”

मोठेपणाचं बिल कर कार्यालयाने पाठवलं. नोटीस आली की परदेशातील मालमत्तेबाबत खुलासा करण्यासाठी समक्ष हजर राहावं. मालकांना नोकरीत कधी मेमोसुद्धा मिळाला नव्हता. ते दोन रात्री झोपले नाहीत. सल्लागार मुलगी म्हणाली, “काका, घाबरू नका, मी येते सोबत.” पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या आधीच जाऊन बाकड्यावर जागा धरली.

कर अधिकारी चाळिशीचा, पडलेल्या खांद्यांचा गृहस्थ होता. त्याच्यामागे खिडकी होती आणि खिडकीखाली कार्यालयाच्या आवारात कोणीतरी कोणाच्यातरी गाडीमागे गाडी लावली म्हणून सतत हॉर्न वाजत होता.

“तुम्ही पार्किंग दाखवलंय,” अधिकारी म्हणाला. “घर कुठे आहे?”

“घर नाही, साहेब.”

“पार्किंग आहे म्हणजे घर असणार.”

“तिकडे नुसतं पार्किंगही विकत मिळतं.”

“आम्ही तुमच्या जागेवर असतो तर आम्हीही हेच सांगितलं असतं,” अधिकारी सहानुभूतीने म्हणाला. “पण विचार करा. माणूस आधी काय घेतो? घर. मग गाडी. मग पार्किंग. तुम्ही उलटे कसे निघालात?”

सल्लागार मुलीने खरेदीखत पुढे केलं, त्याचं भाषांतर पुढे केलं, भाषांतरकाराचा शिक्का दाखवला. अधिकाऱ्याने सगळं नीट वाचलं. त्याच्या फॉर्मात मजल्यासाठी चौकट होती, तिथे ‘जमिनीखाली’ लिहिता येत नव्हतं. खोल्यांची संख्या शून्य लिहिली तर संगणक पुढे सरकेना. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं. “घर नाही याचा पुरावा आणा.”

“नसलेल्या घराचा पुरावा कसा आणायचा, साहेब?”

“निदान जागेचा फोटो तरी आणा. मी डोळ्यांनी बघतो, मग ठरवतो.”

त्या संध्याकाळी मालकांनी पियानोवाल्या बाईंना फोन लावला. एवढ्या वर्षांत बोलणं नाताळाच्या शुभेच्छांपलीकडे गेलं नव्हतं. तिकडच्या भाषेत त्यांनी कसंबसं समजावलं की सरकारला जागेचा फोटो हवाय. बाईंनी फार काही विचारलं नाही. तासाभरात फोटो आला. सिमेंटची भिंत, दोन पांढऱ्या पट्ट्या, भिंतीवर रंगवलेला नंबर. मध्ये काहीच नाही.

मालकांनी परत फोन केला. “तुमची गाडी कुठे आहे?”

बाई म्हणाल्या, “विकली. डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हाच विकली. दोन वर्षं झाली असतील.”

“मग भाडं कशाचं देताय?”

“तुम्ही परत गेलात ना,” बाई अडखळत म्हणाल्या. “मला वाटलं, त्या पैशांवर तुमचं घर चालत असेल. माझे पियानोचे विद्यार्थी अजून आहेत. माझं भागतं. तुम्हाला सांगून संकोचात कशाला टाकायचं?”

मालक फोन ठेवून गॅलरीत येऊन उभे राहिले. खाली सेक्रेटरी गाडीतून उतरले, वर बघून त्यांनी अदबीने हात उंचावला. इकडे अख्खी इमारत त्यांना बडं धेंड समजत होती आणि तिकडे एक म्हातारी त्यांच्या चुलीला लाकूडफाटा पुरवत होती. कारण दोघांचंही एकच, ती दोन पट्ट्यांमधली जागा.

बायकोला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली कात्री थांबली. “म्हणजे आपण दोन वर्षं भीक घेत होतो?”

“भीक नाही गं. भाडंच म्हणायचं.”

“तुम्ही म्हणा. मला नाही म्हणवत.”

दुसऱ्या फेरीला अधिकाऱ्याने फोटो लांबून बघितला, जवळून बघितला. “रिकामी आहे.”

“हो.”

“आणि भाडं येतंय?”

“येतंय, साहेब.”

“कोण देतंय?”

खोटं बोलायची सवय नसल्याने मालकांनी सगळं सांगून टाकलं. सल्लागार मुलीने टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, पण गाडी उतारावर सुटली होती. सगळं ऐकून अधिकारी खुर्चीत मागे रेलला.

“म्हणजे नात्यागोत्यात नसलेली एक स्त्री तुम्हाला दयेपोटी दर महिन्याला पैसे पाठवते.”

“जागेचे पाठवते.”

“जागा ती वापरत नाही. मग हे भाडं की देणगी? दोन्हीचे रकाने वेगळे आहेत.”

यावर पाऊण तास खल झाला. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले. एकाचं मत पडलं की दया मनात असते, कर व्यवहारावर लागतो. दुसरा म्हणाला, दयेचा पुरावा नोटीस पाठवून बाईंकडूनच मागवावा. अखेर सल्लागार मुलीने शांतपणे भाडेकरार काढून दाखवला. तो रद्द झालेला नव्हता. जागा कुलूपबंद नव्हती, बाईंना हवी तेव्हा मोकळी होती. भाडेकरूने वस्तू वापरावी अशी कायद्याची सक्ती नाही.

“हं,” अधिकारी म्हणाला आणि त्याने ‘भाडे’ या रकान्यावर खूण केली. मग फाईल बंद करता करता आवाज खाली आणून विचारलं, “अशी जागा साधारण केवढ्याला पडते हो तिकडे? नाही, सहजच विचारतोय.”

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, “काका, माझी फी तुमच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त झाली. अर्धीच घेते.”

त्या महिन्यात मालकांनी ठरवलं की जागा काढून टाकायची. बाईंना भाडं बंद करा म्हणून सांगून बघितलं तर त्या ऐकेनात. “मग तुमचं कसं होणार?” एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत. सरळ मार्गाने ऐकणार नाहीत म्हटल्यावर मालकांनी बाईंच्याच इमारतीतल्या एका दंतवैद्याला जागा विकली. तिकडे नफ्यावर कर भरला, इकडे त्याची वजावट घेतली. दोन वर्षांचं भाडं बाईंना परत पाठवलं, ते बाईंनी परत पाठवलं. पुन्हा धाडलं, तेव्हा त्यांनी त्यातून पियानो सुरात लावून घेतला आणि तसं कळवलं. खर्च वजा जाता उरलेल्या पैशांत बायकोने नवं शिलाई मशीन घेतलं आणि दोघांच्या नावाने बँकेत साधी ठेव ठेवली. मेहुण्याने व्याजदरावरून नाक मुरडलं.

मालमत्ता विकली म्हटल्यावर आता तरी लोक ताळ्यावर येतील, असं मालकांना वाटलं होतं. सेक्रेटरींनी ती बातमी वेगळीच पसरवली. मालकांनी तिकडचा पसारा आवरता घेतला, सगळं इकडे वळवलं, आता इथेच काहीतरी मोठं करणार. पुढच्या सभेत त्यांना एकमताने सोसायटीचं अध्यक्ष करण्यात आलं. कारण असं की ज्याच्याकडे एवढं आहे, तो आपल्या दुरुस्ती निधीवर कशाला डोळा ठेवील.

जूनपासून मालक जवळच्या शाळेची बस चालवतात. घरात बसून गुडघे जास्त दुखतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. सकाळी खाकी शर्ट घालून ते जिन्याने उतरतात तेव्हा मास्तर पुतण्याला दारात बोलावून दाखवतात आणि सांगतात, बघ, काही गरज नाही त्यांना, नुसती हौस आहे. मालक ते ऐकत बाहेर पडतात. बसमध्ये चढून लाकडी मण्यांची बैठक नीट करतात, आरसा थोडा खाली घेतात आणि पहिल्या थांब्याकडे निघतात. तिथे दप्तरं घेतलेली पोरं त्यांना ‘ड्रायव्हरकाका’ म्हणतात.