गुडमारचा अर्क

सोलापुरातले आमचे शेजारी, रसायनाचे मास्तर, मधुमेहावर औषध शोधत. वैरागच्या बाजारातून गुडमारचा पाला मागवायचा, स्पिरिटात उकळायचा आणि अर्क उतरला की आधी स्वतःच्या जिभेवर घ्यायचा. "शास्त्र सांगतं, या पाल्यानं घटकाभर गोड कळत नाही," हे त्यांनीच मला शिकवलं.

मग चहा आला की ओरडत, "अगं, साखर घातलीस का नाही?"

"तीन चमचे घातलीय की!" म्हणत वहिनी आणखी दोन चमचे घालत.

एक दिवस त्यांनी स्वतःचीच लघवी तपासली. निळं रसायन तापताच विटकरी झालं, म्हणजे साखर भरपूर. मास्तर नळीकडे बघत राहिले, मी त्यांच्या कपाकडे.

"शास्त्र सांगतं," ते गंभीरपणे म्हणाले, "पाला वाढवला पाहिजे."