मला बाई म्हणायचं

आमच्या बालगृहात नवी मुलगी आली की रूथबाई तिला आधी आंघोळ घालत, मग जेवू घालत आणि मग नियम सांगत. नियम एकच होता. "मला बाई म्हणायचं. आई न्हाई, मावशी न्हाई, आत्या न्हाई. शाळेत म्हणतात तसं, बाई." पोर रडत असलं तरी हे सांगितल्याशिवाय त्या उठत नसत.

आळेफाट्यापासून थोडं आत, चर्चने चालवलेलं हे मुलींचं बालगृह. मी तिथे कारकून होते. रजिस्टरं, टायपिंग आणि परदेशचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. रूथबाई अधीक्षिका. मूळच्या नगरकडच्या, लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. मावशी म्हटलं तर काय बिघडतं, असं मी एकदा त्यांना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "पोरी इथून जायच्यात, सुमन. नातं लावलं की जाताना सोलून काढावं लागतं. मी किती वेळा सोलू?" मला ते पटलं. मीही फार लाडीगोडी करणारी नाही.

ठमी घाटघरहून आली तेव्हा पाच वर्षांची होती. आई तापाने गेलेली, बापाचा पत्ता नाही, चुलत्याला स्वतःचीच चार. इतर मुली चुकून मावशी म्हणत आणि बोलणी खात. ठमी पहिल्या दिवसापासून बाई म्हणाली आणि दिवसभर म्हणत राहिली. बाई, वेणी घाल. बाई, पाय पोळला. बाई, कुटं चालली? "चालली न्हाई, चालल्या म्हण," रूथबाई दटावत. ते मात्र तिला चार वर्षांत जमलं नाही. "पण नियम हिला एकटीला कळला बघ," असं त्या मला कौतुकाने सांगत.

ठमी नऊ वर्षांची झाली. एवढ्या मोठ्या मुलीला कोणी दत्तक घेत नाही. येणाऱ्यांना पाळण्यातलं बाळ हवं असतं. म्हणून मोठी मुलगी चालेल, असं स्वीडनच्या एका कुटुंबाचं पत्र आलं तेव्हा रूथबाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. इंगा, तिचा नवरा आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी असे तिघे जानेवारीत आले आणि आमच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले. माणसं साधी होती. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करत आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी ताट पुसून खात. इंगा रोज ठमीजवळ जाऊन बसे. ठमी सरकून बसे.

पुण्याच्या कोर्टातली तारीख आठ दिवसांवर आली. न्यायाधीश मुलीला स्वतः विचारणार होते, जायचंय का. ती नाही म्हणाली की संपलं, आणि असं पत्र पुन्हा येणार नव्हतं.

"मी नाय जायची," ठमी म्हणत होती.

"का गं?"

"बाई हितं हाय."

कागदांसाठी तिचा चुलता घाटघरहून आला. ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसून त्याने अंगठा उठवला आणि ठमीच्या डोक्यावर हात ठेवला. "जा पोरी. तुजी बाई असती तर तीबी हेच म्हनली असती."

"बाई आहेत की. तुमच्या मागे उभ्या आहेत," मी म्हणाले.

"त्या न्हवं, म्याडम. हिची आई. आमच्याकडं आईला बाईच म्हनत्यात."

रूथबाई दारात होत्या. मी शाईचा पॅड बंद केला. त्यांनी चुलत्याला विचारलं, "साखर किती घालू चहात?" तो लाजून म्हणाला, "जरा जास्तच." चहा आला तो बिनसाखरेचा. बिचारा तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठमीला तेल लावायला बसवलं आणि इंगालाही बोलावून घेतलं. दुभाषी म्हणून मी होतेच.

"आजपासून मला मावशी म्हणायचं."

"मंग बाई कुनाला म्हनू?"

"हिला."

ठमीने इंगाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिला वेणी तरी येती का?"

"शिकवते." रूथबाईंनी इंगाची बोटं धरून केसांचे तीन पेड केले आणि आपले हात काढून घेतले.

"मावशे, ही लई वढती!"

"मला काय सांगती? तिला सांग."

ठमीने आपला पेड मुठीत धरून ठेवला. मग मान न वळवता म्हणाली, "बाई, हळू." इंगाला शब्द कळले नाहीत, पण हात सैल झाले.

त्या आठवड्यात ठमीने जुन्या सवयीने हाक मारली की रूथबाई भिंतीकडे बघत राहत. पोर दोनदा, तीनदा ओरडे. मला ऑफिसात ऐकवत नसे, मी टायपिंग चालू ठेवी.

कोर्टात साहेबांनी इंगाकडे बोट दाखवून विचारलं, "ही तुझी कोण?"

"बाई."

"बाई म्हणजे शिक्षिका?" साहेबांनी आमच्याकडे नाराजीने पाहिलं. मी उभी राहून खुलासा केला. दाराशी उभा असलेला पट्टेवाला न राहवून म्हणाला, "खरंय साहेब, आमचीबी बाईच." सगळे हसले. साहेबही.

"हिच्याबरोबर जायचंय?"

ठमीने रूथबाईंकडे पाहिलं. त्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मान वर केलीच नाही.

"व्हय," ठमी म्हणाली.

ठमी इंगाबरोबर पुण्यातच राहिली, आम्ही दोघी एसटीने परतलो. मंचरला मी केळी घेतली. त्यांनी हातात धरली आणि आळेफाट्याला उतरताना सीटवरच विसरल्या. ठमीचं ऐकून इतर मुलीही मावशी म्हणू लागल्या होत्या, ते पुढेही चालू राहिलं. रूथबाईंनी मनाई केली नाही, पण त्या हाकेला वळायला त्यांना नेहमी जरा उशीर व्हायचा. जेवायलाही त्या सगळ्यांचं झाल्यावर एकट्या बसू लागल्या. मी थांबते म्हटलं तर म्हणत, "तू जा, तुझी गाडी चुकेल." मी जात असे. खरंच गाडी चुकली असती.

ठमीची पत्रं वर्षभर मराठीत आली, मग नुसती चित्रं, मग इंगाचं इंग्रजी. दहा-अकरा वर्षांनी रूथबाई छातीच्या दुखण्याने गेल्या. दफनाला आम्ही दहाबारा जण होतो. मी इंगाला कळवलं की मावशी गेल्या.

उत्तर ठमीचं आलं, इंग्रजीत. तिला मराठी आता येत नव्हती. मावशी म्हणजे आईची बहीण, असं तिने शोधून काढलं होतं. वेणीला फार तेल लावणारी एक बाई तिला अंधूक आठवत होती. तिने विचारलं होतं, त्या माझ्या आईची सख्खी बहीण होत्या का?

नाही, बहीण नव्हत्या, एवढं मी लिहिलं. पुढचं वाक्य इंग्रजीत काही केल्या जमेना. मराठीत ते चारच शब्दांचं होतं: तू त्यांना बाई म्हणायचीस. पण तिकडे ते वाचणारं कोणी नव्हतं.