दोन ठिपक्यांचा शाफ्ट

दुर्गाघाटावरच्या मोन्यांकडे चार पिढ्या याज्ञिकी चालली. पाचव्या पिढीतल्या वासुदेवनं पळी-पंचपात्र सोडून पाना हातात घेतला, तेव्हा आळीत सगळे हळहळले. घरापाशी गल्लीत सायकल जेमतेम शिरते, आणि हा म्हणे ट्रकचा मिस्त्री होणार! पण राजघाटाचा पूल ओलांडून पलीकडे पडाव नावाच्या वस्तीत त्यानं गॅरेज टाकलं, आणि तीस वर्षांत पार सोनभद्र जिल्ह्यापर्यंतचे ड्रायव्हर म्हणू लागले, "मास्टरजी का काम पक्का." वासुदेवरावांना देवळातल्या प्रसादापेक्षा हे वाक्य गोड लागे.

गेल्या माघात त्यांच्याकडे फिरत्या दवाखान्याचा ट्रक आला. त्यावर त्यांची मुलगी निवेदिता डॉक्टर होती. डोंगरातल्या वस्त्यांवर जायला एका संस्थेनं हा जुना, चारही चाकांनी ओढणारा ट्रक लिलावात घेतलेला. आठ महिने निवेदिता दर आठवड्याला त्यातून घाट चढत होती. हल्ली वळताना पुढून कटकट आवाज येई, म्हणून ड्रायव्हर रामजतनला घेऊन ती स्वतःच बाबांकडे आली.

वासुदेवरावांनी पुढचा भाग जॅकवर उचलून खाली ठोकळे दिले. उजवं चाक उतरवलं, ब्रेक सोडवला, हबचे नट आणि बेअरिंग काढून फडक्यावर ओळीनं मांडली. मग चाक फिरवणारा शाफ्ट अलगद ओढला. टोकाच्या दात्यांनी आतलं ऑइल सील फाटू नये म्हणून तो दोन्ही हातांवर तोलून धरला. वळताना शाफ्टला वाकू देणाऱ्या सांध्यातला क्रॉस झिजला होता, बाकी ठीक.

डावा शाफ्ट बाहेर आला आणि त्यांचे हात थबकले. सांध्याच्या अलीकडे वेल्डिंगचा जाड वळ होता. त्या वळातून केसाएवढी भेग निम्म्या गोलाईपर्यंत गेली होती.

"कोण हा नालायक!" ते ओरडले. "हा घाटात तुटून सांध्यात अडकला असता, तर स्टिअरिंग जागच्या जागी जाम! सरळ दरीत!"

रामजतन मटकन खाली बसला. वासुदेवरावांनी रागानं ग्रीस पुसलं. वेल्डिंगशेजारी खूण पाडायच्या पंचनं मारलेले दोन ठिपके दिसले.

 आपल्या हातच्या प्रत्येक कामावर असे दोन ठिपके तेच मारत.

"बाबा? काय झालं? अहो, बोला ना!"

त्यांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं. बारा वर्षांपूर्वीची चकियाच्या जंगलातली दुपार आठवली. तेव्हा एका ठेकेदाराचा असलेला हाच ट्रक शाफ्ट तुटून अडकला होता, नवा शाफ्ट यायला आठवडा लागणार होता. ड्रायव्हरनं पाय धरले. 'फक्त घरापर्यंत ने, मग बदल,' असं सांगून त्यांनी तुटलेला शाफ्ट जोडून दिला होता. तो पुढे कुणी बदलला नव्हता. त्यांनीही पुन्हा विचारलं नव्हतं.

"निवे, हे माझं काम आहे," ते कसेबसे म्हणाले.

निवेदिता पांढरीफटक पडली. "गेल्या मंगळवारी आत दोन बाळंतिणी होत्या, बाबा." मग म्हणाली, "औषध देताना आम्ही लिहून देतो, किती दिवस घ्यायचं ते. तुम्ही नुसतं तोंडी सांगितलंत?"

 संस्थेच्या लोकांना वासुदेवरावांनी स्वतः फोन करून सगळं खरं सांगितलं. ट्रक आठ दिवस उभा राहिला. दोन्ही बाजूंना नवे शाफ्ट आणि नवी सीलं आली. ती बसवताना दीड-दोन तासांच्या कामाला त्यांना अख्खी सकाळ लागली. प्रत्येक नट आवळून झाला की ते पुन्हा तपासत. चाचणीला ते रामजतनशेजारी बसून चंदौलीच्या कच्च्या रस्त्यावर गेले. आवाज नव्हता. 

मग त्यांनी आठवून आठवून असेच शाफ्ट जोडून दिलेले आणखी तीन ट्रक शोधायला घेतले. एक भंगारात गेला होता. दुसऱ्याच्या मालकानं निमूट शाफ्ट बदलला. तिसऱ्याचा मालक मात्र भडकला: "इतने साल बाद याद आया, मास्टरजी?" वासुदेवरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि तिथंच, त्याच्या दारात, जॅक लावला.

आता पडावच्या गॅरेजात तुटका शाफ्ट आला, तर वासुदेवराव आधी कटरनं त्याचे तीन तुकडे करतात, मग नव्याची चौकशी करतात. ड्रायव्हर शिव्या देतात. देऊ देत.